होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’: कुठलं रेकॉर्डिंग ऐकू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतले लोक अधूनमधून तेच तेच विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी वाजवणारा नाही, नुसता ऐकणारा आहे, त्यामुळे मतं माझी आहेत आणि ती एकतर्फी असणारच. तुमचं आवडतं रेकॉर्डिंग मी दोन ओळींत उडवून लावलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, परत जाऊन ते ऐका आणि माझ्याशी भांडा.

आधी सांगा, हे नेमकं आहे काय?

गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) नावाच्या इंग्लिश संगीतकाराने १९१४ मध्ये सुरू करून दोनतीन वर्षांत पुरा केलेला सात भागांचा ऑर्केस्ट्रा स्वीट, म्हणजे ऑर्केस्ट्राने एकापाठोपाठ वाजवायच्या तुकड्यांची मालिका. भाग असे: मंगळ म्हणजे युद्ध आणणारा, शुक्र शांती आणणारा, बुध पंखवाला निरोप्या, गुरू आनंद आणणारा, शनी म्हातारपण आणणारा, युरेनस जादूगार आणि शेवटी गूढ नेपच्यून. सगळं मिळून साधारण पन्नास मिनिटं. ऑर्केस्ट्रा अवाढव्य आहे, सहा हॉर्न, दोन हार्प, दोन जणांनी मिळून वाजवायचे टिंपनी (मोठे नगारे), सेलेस्टा (घंटांसारखी किणकिणणारी छोटी पेटी), ऑर्गन, आणि शेवटच्या भागात न दिसणारा बायकांचा कोरस.

गंमत म्हणजे हा माणूस लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवायचा, लिहायला वेळ म्हणजे सुट्टी आणि रविवार, त्यात उजव्या हाताला न्यूरायटिस, म्हणजे पेन धरणंच अवघड, मग शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी त्याच्याकडून समजून घेऊन पानंच्या पानं उतरवून काढली. हे डोक्यात ठेवून ऐकलं की एवढ्या मोठ्या आवाजामागे एक थकलेला शाळामास्तर आहे हे विसरायला होत नाही.

ग्रह म्हणजे खगोलशास्त्र की ज्योतिष? आणि होल्स्टला संस्कृत यायचं हे खरंय का?

ज्योतिष. म्हणूनच पृथ्वी नाहीये आणि क्रमही सूर्यापासूनच्या अंतराचा नाही, मंगळ पहिला आणि बुध तिसरा. १९१३ मध्ये होल्स्ट मित्रांबरोबर स्पेनला गेला होता, तिथे त्यातल्याच लेखक क्लिफर्ड बॅक्सने त्याला ज्योतिषाचं वेड लावलं, मग तो मित्रांच्या कुंडल्या मांडायला लागला. आपल्याकडच्या पत्रिकेशी मात्र गल्लत करू नका. राहू-केतू नाहीत, सूर्य-चंद्रही नाहीत, आणि साडेसातीच्या भीतीने शनी ऐकायला बसलात तर शेवटी चक्क शांत होऊन उठाल.

संस्कृतचंही खरं आहे. १८९९ च्या सुमाराला तो लंडनमध्ये संस्कृत शिकायला लागला कारण त्याला हाती आलेली भाषांतरं पसंत नव्हती. ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने स्वतः इंग्लिशमध्ये आणून संगीत दिलं, सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला, कालिदासाच्या मेघदूतावर कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी मोठी रचना केली. ती १९१३ मध्ये वाजली आणि सपशेल पडली, त्या निराशेतच तो स्पेनला गेला. म्हणजे मेघदूत चाललं असतं तर कदाचित ग्रहांकडे तो वळलाच नसता. असो.

मला हे सगळं नको. पहिल्यांदा ऐकतोय, एकच नाव सांगा.

कंडक्टर शार्ल द्यूत्वा, ऑर्केस्ट्रा माँट्रियल सिम्फनी, रेकॉर्ड कंपनी डेक्का, १९८६. सेंट युस्टाश नावाच्या चर्चमध्ये रेकॉर्ड केलंय, आवाज मोकळा आणि स्वच्छ, कुठे काही वाकडं नाही, एकही भाग फसलेला नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडतं का, तर नाही. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रचना कशी आहे ते दिसलं पाहिजे, कंडक्टरची मतं नंतर. ते झालं की मग ॲड्रियन बोल्ट ह्या इंग्लिश कंडक्टरचं १९७८ चं ऐका, ते माझं कायमचं.

सगळे मंगळ ऐकून रेकॉर्डिंग निवडतात. तुम्ही शनीवरून का ठरवता?

कारण मंगळ बिघडवणं अवघड आहे हो. पंचेचाळीस सेकंदांत कुठलाही बरा ऑर्केस्ट्रा तुमच्या अंगावर काटा आणेल, ती रचनाच तशी केलीये. व्हायोलिनवाले बो उलटा करून लाकडाने तारांवर ठोकतात, पाच मात्रांचा ठेका न थांबता चालू, वर ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं. दुकानात स्पीकर विकणारे नेहमी हाच भाग का लावतात ते लगेच कळतं. त्यावरून तुम्हाला कळतं ते रेकॉर्डिंग इंजिनिअर किती चांगला होता एवढंच.

शनीत लपायला जागा नाही. सुरुवातीला बासरी आणि हार्प यांचे दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नुसते आळीपाळीने येत राहतात, इकडे तिकडे, इकडे तिकडे, घड्याळासारखं पण घड्याळापेक्षा थकलेलं. खाली डबल बेस एक सूर काढतात, जेमतेम ऐकू येईल असा. मग ट्रॉम्बोनचा संथ मार्च, तो वाढत वाढत जातो, आणि मध्यावर अचानक घंटा सुरू होतात, धोक्याची सूचना दिल्यासारख्या. होल्स्टने इथे लिहून ठेवलंय की घंटा धातूच्या तुकड्याने वाजवा, आणि नंतर जेव्हा सगळं निवतं तेव्हा मऊ फेल्टने. ह्या दोन घंटांमधला फरक ज्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही ते माझ्या लेखी नापास, बाकी मंगळ कितीही गडगडू दे.

दुसरी गोष्ट लय. शनी फार हळू घेतला की तो दुःखी वाटायला लागतो आणि संपतच नाही असं होतं, हल्ली बरेच जण नऊ साडेनऊ मिनिटांपर्यंत ताणतात. फार जलद घेतला तर ते दोन कॉर्ड नुसते भरणीचे वाटतात. त्या चालीत वजन पाहिजे पण पाय उचलला गेला पाहिजे, आपल्याकडे विलंबित ख्यालात लय धरून ठेवणं म्हणतात तेच. बोल्टला हे बरोब्बर जमतं. आणि हा माझा हट्ट नाही फक्त, होल्स्टचा स्वतःचा आवडता भाग शनीच होता.

मंगळ किती फास्ट हवा पण?

ह्यावर लोक एकमेकांची डोकी फोडतील. एक सोपा प्रयोग करा. लंडन फिलहार्मोनिक ह्या एकाच ऑर्केस्ट्राने १९७८ ह्या एकाच वर्षात प्लॅनेट्स दोनदा रेकॉर्ड केलंय, एकदा ॲड्रियन बोल्टबरोबर ईएमआयसाठी आणि एकदा गेऑर्ग शोल्टीबरोबर डेक्कासाठी. वादक बहुतेक तेच. बोल्टचा मंगळ आठ मिनिटांच्या आसपास, शोल्टीचा त्याहून मिनिटभर तरी कमी. लागोपाठ ऐका. शोल्टीचं सैन्य धावत येतं, आरडाओरडा करत, आणि तुम्ही पळून जाऊ शकता असं वाटतं. बोल्टचं चालत येतं. त्याला घाई नाही कारण तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही हे त्याला माहितेय. मला दुसरं जास्त भीतीदायक वाटतं, माझ्या बायकोला पहिलं, आमच्या घरात हा प्रश्न सुटलेला नाही.

ठेक्याबद्दल एक. मंगळाच्या पाच मात्रा आपल्याला नवीन नाहीत, झपतालाचं अर्धं आवर्तन धरा, पण विभागणी उलटी, झपतालात दोन-तीन आणि इथे तीन-दोन असा भास होतो. एक दोन तीन, एक दोन, असं बोटांवर मोजत ऐका. जलद घेणारे बरेच कंडक्टर पहिल्या मात्रेतली तीन छोट्या स्वरांची ती टकटक चेपून टाकतात, ती स्पष्ट ऐकू आली पाहिजे, नाहीतर ठेक्याचा कणाच जातो.

फास्ट हवाच असेल तर शोल्टीपेक्षा विल्यम स्टाइनबर्गचं घ्या, बॉस्टन सिम्फनी, डॉइच ग्रामोफोन, १९७० मध्ये रेकॉर्ड केलेलं. स्टाइनबर्ग तेव्हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा, आणि मंगळ असा रागावून वाजवलाय की बस. वेग आहे पण एकही स्वर चेपलेला नाही, आणि शनीसुद्धा रेंगाळत नाही. बर्नस्टाइनचं १९७१ चं न्यूयॉर्कवालं पण असंच भरधाव आहे, जरा विस्कटलेलं, मूड असेल तर मजा येते.

आणि हो, मंगळ पहिलं महायुद्ध बघून लिहिला असं सर्रास सांगतात. तो भाग ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध भडकायच्या आधीच आकाराला आला होता.

बोल्टची म्हणे पाच रेकॉर्डिंग आहेत. सगळी ऐकायची?

नाही हो. पण ह्या माणसाला एवढं महत्त्व का ते सांगतो. २९ सप्टेंबर १९१८, युद्ध अजून चालू, लंडनचा क्वीन्स हॉल. बाल्फोर गार्डिनर नावाच्या श्रीमंत संगीतकार मित्राने होल्स्टला भेट म्हणून ऑर्केस्ट्रा आणि हॉल भाड्याने घेऊन दिला, आमंत्रित लोक अडीचशेच्या आसपास, नेपच्यूनचा कोरस गायला होल्स्टच्या शाळेतल्याच मुली. कंडक्टर होता एकोणतीस वर्षांचा ॲड्रियन बोल्ट. नंतर होल्स्टने बोल्टच्या प्रतीवर लिहून दिलं की ग्रहांना लोकांसमोर पहिल्यांदा चमकवलं ते ह्याने, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

त्याच बोल्टने १९४५ मध्ये बीबीसी सिम्फनीबरोबर, मग पन्नासच्या दशकात दोनदा, १९६६ मध्ये न्यू फिलहार्मोनिया आणि शेवटी १९७८ मध्ये, वय वर्षं एकोणनव्वद, लंडन फिलहार्मोनिकबरोबर हे रेकॉर्ड केलं. पहिल्या प्रयोगापासून साठ वर्षांचं अंतर! १९४५ चं मोनो आहे पण त्यात एक धग आहे, युद्ध अजून संपलेलं नव्हतं, त्या वादकांना मंगळ म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नासच्या दशकातली सोडून दिली तरी चालतील, व्हिएन्नात केलेल्यात ऑर्केस्ट्रा चाचपडताना ऐकू येतो. १९६६ आणि १९७८ मध्ये निवडायचं तर लोक साधारण निम्मेनिम्मे होतात. १९६६ मध्ये जोम जास्त. १९७८ मध्ये काहीही दाखवायचं नाहीये असा एक निवांतपणा आहे, गुरूमध्ये थोडं जड वाटतं, मान्य, पण शनी आणि नेपच्यून ह्यांच्या जवळपास कोणी येत नाही.

होल्स्टने स्वतः कंडक्ट केलेलं रेकॉर्डिंग आहे ना? मग तेच खरं, विषय संपला.

तेवढं सोपं असतं तर मी हे पान लिहिलंच नसतं. होल्स्टने लंडन सिम्फनीबरोबर दोनदा रेकॉर्ड केलंय. १९२२-२३ मध्ये, म्हणजे मायक्रोफोन येण्याआधी, तेव्हा वादक मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने बसायचे. आणि १९२६ मध्ये इलेक्ट्रिकल पद्धतीने. १९२६ चं ऐकण्यासारखं आहे, खरखर आहे पण कानाला पाचेक मिनिटांत सवय होते. ते ऐकलं की धक्का बसतो कारण सगळंच भराभर आहे. मंगळ सहा मिनिटांच्या थोडा वर, शनी सात मिनिटांच्या आसपास.

लगेच सांगितलं जातं की तेव्हाच्या रेकॉर्डच्या तव्याच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावायची म्हणून बिचाऱ्याला पळावं लागलं. अर्धं पटतं. मंगळाला दोन बाजू लागणारच होत्या, आणि दोन बाजूंत आठ मिनिटांचा मंगळसुद्धा आरामात बसला असता, म्हणजे तो वेग त्याला हवाच होता असं मी धरतो. शनीचं तसं नाही, नऊ मिनिटांचा शनी दोन बाजूंत कोंबणं कठीण, तिथे घाई झाली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे होल्स्टचा मंगळ मी पुरावा म्हणून घेतो, शनी नाही. जरा सोयीचं आहे हे, कळतंय मला.

आपल्या झुबिन मेहतांचं कसं आहे?

झकास आहे, आणि मुंबईकर म्हणून म्हणत नाहीये. (थोडं म्हणतोय.) १९३६ मध्ये मुंबईत जन्म, वडील मेहली मेहतांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्या ऑर्केस्ट्राच्या तालमी ऐकत मुलगा वाढला, आणि १९६२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक. प्लॅनेट्स त्यांनी १९७१ मध्ये डेक्कासाठी तिथल्या विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये रेकॉर्ड केलं. सत्तरच्या दशकात ज्यांच्याकडे महागडी सिस्टिम होती त्यांच्याकडे हा एलपी असायचाच, पाहुणे आले की मंगळ लावायचा आणि समोरच्याचा चेहरा बघायचा.

पण खरी कमाई युरेनसमध्ये आहे. जादूगार थोडा विनोदी, थोडा धोकादायक असतो, सुरुवातीला ब्रासमधून चार स्वर ठणकावून येतात, जर्मन पद्धतीने त्या स्वरांची नावं घेतली तर होल्स्टच्या नावातली अक्षरं सापडतात असं म्हणतात. मग तो लंगडत नाचायला लागतो, नाच हाताबाहेर जातो, आणि कळसाला ऑर्गनवाला सगळ्या पट्ट्यांवरून हात सर्रकन फिरवतो. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये हा ऑर्गन गर्दीत हरवतो, मेहतांच्यात पायाखालची जमीन हलते. शुक्रही सुंदर आहे, स्ट्रिंग्ज एकदम मखमली. शनी मात्र मला जरा गुळगुळीत वाटतो, घंटा पुरेशा टोचत नाहीत. म्हणून पहिल्या तीनात, पहिला नाही.

कारायान: १९६१ की १९८१?

१९६१. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डेक्का, निर्माता जॉन कल्शॉ, सोफियनझाल नावाचा हॉल. व्हिएन्नावाल्यांना ही रचना फारशी परिचयाची नव्हती आणि त्यामुळेच ते कान टवकारून वाजवतात, शुक्रातला हॉर्न आणि व्हायोलिन असे वाजलेत की इंग्लिश संगीत ऐकतोय हे विसरायला होतं. इंग्लंडच्या बाहेर प्लॅनेट्सला प्रतिष्ठा मिळवून देण्यात ह्या रेकॉर्डचा मोठा वाटा. १९८१ चं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं सुरुवातीच्या डिजिटल काळातलं, आवाज काचेसारखा, चकचकीत आणि जरा थंड. त्यातला मंगळ आवडणारे खूप आहेत. मी त्यातला नाही.

गुरूमधली ती मोठी धून कुठेतरी ऐकलीये असं वाटतं...

ऐकलीच असणार. १९२१ मध्ये त्या धुनेवर इंग्लिश देशभक्तीचे शब्द बसवले गेले आणि तेव्हापासून ती चर्चमध्ये, स्मृतिदिनांना, राजघराण्याच्या समारंभांना गायली जाते, डायनाच्या लग्नात होती आणि अंत्यविधीतही. रग्बी वर्ल्ड कपच्या गाण्यातही तीच.

आणि इथेच कंडक्टर फसतात. धून आली की त्यांना उभं राहून छातीवर हात ठेवावासा वाटतो, लय बसकण मारते, सगळं प्रार्थनेसारखं होऊन जातं. होल्स्टने लिहिलं तेव्हा ती प्रार्थना नव्हती, जत्रेतल्या नाचगाण्याच्या मधोमध आलेला एक भारदस्त क्षण होता, आणि तो ती धून पूर्णसुद्धा होऊ देत नाही, शेवटाला पोचता पोचता सोडून देतो आणि परत नाच सुरू. हे ज्याला कळलंय तो म्हणजे आंद्रे प्रेविन, लंडन सिम्फनी, ईएमआय, १९७३. त्याचा गुरू हसतो. रेकॉर्डिंग किंग्जवे हॉलमधलं, ह्या हॉलचा आवाज जगात नावाजलेला, आणि खालून भुयारी रेल्वे जायची ती कधीकधी रेकॉर्डमध्ये उतरायची म्हणूनही नावाजलेला. गुरू आवडणाऱ्यांनी हेच घ्यावं.

नेपच्यूनच्या शेवटी माझा आवाज बंदच होतो. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. कोरस स्टेजच्या बाहेर बाजूच्या खोलीत उभा असतो, शब्द नाहीत नुसता स्वर, आणि होल्स्टची सूचना अशी की दार हळूहळू बंद करायचं आणि शेवटचा बार, म्हणजे ठेक्याचं शेवटचं आवर्तन, आवाज अंतरात विरेपर्यंत परत परत गायचा. फेड-आउट हा प्रकार पुढे रेकॉर्डिंगमध्ये नेहमीचा झाला, ह्याने १९१८ मध्ये एका दारावर भागवलं.

स्टुडिओत दोन मार्ग असतात, खरंच दार लावणं किंवा इंजिनिअरने बटण खाली ओढणं. दुसऱ्यात आवाज लहान होतो पण लांब जात नाही, फरक लक्ष देऊन ऐकलात तर कळेल. बोल्ट १९७८ मध्ये बायका खरोखर दूर जातात असं वाटतं. द्यूत्वाचंही छान. आणि नेपच्यूनसुद्धा पाच मात्रांत आहे बरं का, मंगळासारखाच, फक्त सगळी हाणामारी निघून गेलेली.

प्लूटो का नाही? आणि काही सीडींवर आहे तो कोणाचा?

प्लूटो सापडला १९३० मध्ये, होल्स्ट तेव्हा हयात होता पण त्याने काही लिहिलं नाही. २००० मध्ये हॅले ऑर्केस्ट्रासाठी कॉलिन मॅथ्यूज ह्यांनी प्लूटो लिहिला, मार्क एल्डरने तो त्याच ऑर्केस्ट्राबरोबर हायपेरियनसाठी रेकॉर्ड केला. मग सायमन रॅटलने २००६ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर प्लूटोसकट अख्खा स्वीट केला, शिवाय लघुग्रहांवर चार नव्या रचना चार संगीतकारांकडून लिहून घेतल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून टाकलं. ह्याहून वाईट टायमिंग मी तरी पाहिलेलं नाही.

मॅथ्यूजची रचना वाईट नाहीये, चपळ आहे, विचित्र आहे. अडचण एवढीच की ती जोडायला नेपच्यूनचा शेवट बदलावा लागतो, दार पुरतं बंद व्हायच्या आतच प्लूटो घुसतो. मी प्लूटो वेगळा ऐकतो, जोडून नाही. रॅटलच्या डिस्कमध्ये बर्लिनचं वाजवणं अफाट आहे पण मला ते प्रदर्शनातल्या गाडीसारखं वाटतं, सगळं चकाकतंय आणि कोणी बसलेलं नाही.

नवीन काळातलं काहीच आवडत नाही का तुम्हाला?

आवडतं की. जॉन एलियट गार्डिनर, फिलहार्मोनिया, डॉइच ग्रामोफोन, १९९४. हा गार्डिनर म्हणजे १९१८ चा कार्यक्रम ज्याने भेट दिला त्या बाल्फोर गार्डिनरचा नातलग, बाल्फोर त्याचे चुलत आजोबा लागत. बुध इतका हलका दुसरीकडे नाही, तो भाग अवघा चार मिनिटांचा, एका वाद्यावरून दुसऱ्यावर सूर उडी मारत जातो आणि जराही ढिलाई झाली की गडगडतो. बाख आणि मॉन्तेव्हेर्दी ह्या जुन्या संगीतकारांचं संगीत करून हात तयार झालेला असल्यामुळे असेल. एडवर्ड गार्डनरचं ब्रिटनच्या नॅशनल यूथ ऑर्केस्ट्राबरोबरचं पण ऐका, सगळी टीनएजर मुलं आणि संख्या प्रचंड, शाळामास्तराने लिहिलेलं संगीत पोरांनी वाजवलेलं ऐकायला वेगळीच मजा येते. ह्या गार्डनर आणि गार्डिनरमध्ये गोंधळ करू नका, सर्च करताना हमखास होतो.

टोमिताचं सिंथेसायझरवालं?

इसाओ टोमिता ह्या जपानी संगीतकाराने १९७६ मध्ये केलेलं, होल्स्टची मुलगी इमोजेन हिला ते अजिबात आवडलं नव्हतं. मला आवडतं. पण ते ह्या तुलनेत बसत नाही.

ऐकायचं कशावर? फोन चालेल का?

मंगळ आणि गुरू फोनवर चालतील, शुक्र, शनी आणि नेपच्यून नाही. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज ह्यांत एवढं अंतर आहे की रिक्षात किंवा लोकलमध्ये ऐकलंत तर अर्धी रचना गाडीच्या आवाजाखाली जाते, मग तुम्ही आवाज वाढवणार आणि युरेनस आला की कान धरणार. बरे हेडफोन आणि रात्रीची वेळ, एवढं पुरे. ॲपमध्ये आवाज सारखा करणारं सेटिंग असतं ते बंद करा, आणि शफल तर आधी बंद करा.

शोधताना कंडक्टर, ऑर्केस्ट्रा आणि वर्ष तिन्ही टाका, कारण नुसतं नाव टाकलं तर रिलॅक्सेशनच्या प्लेलिस्टमधला कापलेला शुक्र पहिला येतो. क्लासिकलसाठी वेगळी बनवलेली ॲप्स ह्या बाबतीत बरी आहेत. रीमास्टरचं वर्ष आणि रेकॉर्डिंगचं वर्ष ह्यात फसू नका, बोल्टचं १९७८ चं कधी २००२ म्हणून दिसतं कधी आणखी काही. जुने एलपी हवे असतील तर मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं त्याला आता काही इलाज नाही, चोर बाजारात मात्र अजून नशीब काढता येतं, डेक्काचा मेहता तिथे मिळू शकतो, फक्त घेण्याआधी नेपच्यूनची बाजू उजेडात तिरकी धरून बघा कारण शांत भागात एक ओरखडासुद्धा जोरात ऐकू येतो.

प्लॅनेट्स आवडलं. होल्स्टचं पुढे काय ऐकू?

असंच दुसरं प्लॅनेट्स शोधाल तर मिळणार नाही, त्याने परत तसं लिहिलं नाही आणि ह्या एकाच रचनेसाठी ओळखलं जाणं त्याला फार सुखाचंही नव्हतं. ऑर्केस्ट्रा हवा असेल तर ‘एग्डन हीथ’, कोरडं आणि करकरीत, शनी आवडला असेल तर हेही आवडेल. हलकं हवं असेल तर शाळेतल्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला ‘सेंट पॉल्स स्वीट’.

पण तुम्ही मराठी वाचताय तर आधी ‘सावित्री’ ऐका. अर्ध्या तासाचा ऑपेरा, पात्रं तीनच, सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वडाचं झाड वगैरे काही नाही, सुरुवातीला कुठलंही वाद्य न वाजता लांबून मृत्यूचा आवाज येतो आणि सावित्री त्याला उत्तर देते, पहिल्या मिनिटातच पकड बसते. जॅनेट बेकरने गायलेलं आणि इमोजेन होल्स्टने कंडक्ट केलेलं साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग घ्या, दुसरं शोधत बसू नका. त्यातही एक न दिसणारा बायकांचा कोरस आहे, शब्दांशिवाय गाणारा. नेपच्यूनच्या बायका कुठून आल्या हे शोधायचं असेल तर तिथून सुरुवात करा, प्लॅनेट्सच्या काही वर्षं आधीचं आहे ते.